जुन्या ईव्हीचा भाव जुन्या बिलावरून काढू नका

चिंचवडहून एका वाचक भगिनीचं पत्र आहे. त्या लिहितात: "रोज तळेगाव एमआयडीसीला जाऊन-येऊन ६० किलोमीटर होतात. आमच्या सोसायटीतले एक काका त्यांची मार्च २०२२ ची टाटा नेक्सॉन ईव्ही (विजेवरची गाडी) विकताहेत. ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी, ४२,००० किलोमीटर, पुणे पासिंग, एकच मालक. 'मला सोळा लाखांना पडली, तुला जवळजवळ निम्म्यात देतोय' म्हणत ८.७५ लाख मागताहेत. शोरूमने ३० किलोवॅट-तासांच्या नव्या नेक्सॉन ईव्हीचं ऑन-रोड कोटेशन १३.४० लाखांचं दिलंय. हातात ३ लाख आहेत, बाकी कर्ज. नव्या गाडीला बँक ९ टक्के सांगते, जुन्या गाडीला १३. पाच वर्षं तरी वापरायची आहे. जुनी घेऊ की नवी? आणि जुनी घेतली तर किती देऊ?"

आधी त्या सोळा लाखांचा विषय संपवू. काकांनी २०२२ मध्ये काय मोजले, याचा आजच्या भावाशी फारसा संबंध नाही. पेट्रोल गाडीत तो असतो, कारण तिथे नव्या गाडीची किंमत बहुतेक वेळा चढत जाते आणि जुनीला वर ओढते. ईव्हीत उलटं झालं. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा सुरुवातीची एक्स-शोरूम (नोंदणी-विमा सोडून) किंमत १३.९९ लाख होती. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने तिच्या किमती १.२ लाखांपर्यंत उतरवल्या, आणि त्याच वर्षीच्या सणासुदीत सुरुवातीची किंमत १२.४९ लाखांवर आणली. म्हणजे चेहरामोहरा बदललेली, आतून सुधारलेली गाडी चार वर्षांनी पहिल्या गाडीपेक्षा दीड लाखाने स्वस्त. असं झालं की रस्त्यावरच्या प्रत्येक जुन्या नेक्सॉन ईव्हीचा भाव एका दिवसात खाली सरकतो, मग ती कितीही जपलेली असो.

काकांनी खरंच सोळा दिले का, हेही बघा. राज्याच्या २०२१ च्या ईव्ही धोरणात सुरुवातीच्या गाड्यांना बॅटरीच्या किलोवॅट-तासाला ५,००० रुपये आणि लवकर घेणाऱ्यांना त्यावर आणखी सवलत होती. नेक्सॉन ईव्हीला ती अडीच लाखांपर्यंत जायची. शिवाय रोड टॅक्स माफ. पेट्रोल गाडी असती तर दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात १२ टक्के भरावे लागले असते. कर्जाने घेतली असेल तर आयकराच्या ८०ईईबी कलमाखाली व्याजावर वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट मिळाली असेल. ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जालाच ती लागू होती, तुम्हाला नाही. तेव्हा मूळ इनव्हॉइस मागा. काका खोटं बोलताहेत असा अर्थ नाही, माणसाला छापील किंमत लक्षात राहते आणि सवलत विसरायला होते.

आता भाव काढू. पाया एकच: तसलीच गाडी आज नवी कितीला मिळते. तुमच्या बाबतीत एक्स-शोरूम साधारण १२.५ लाख धरा. विमा कंपन्या आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) काढताना वयाप्रमाणे जी घट धरत आल्या आहेत, ती दोन ते तीन वर्षांना ३० टक्के, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५० अशी आहे. काकांची गाडी शेवटच्या टप्प्यात बसते. साडेबाराच्या निम्मे ६.२५ लाख. इथून बॅटरी उत्तम निघाली, सर्व्हिस वेळच्या वेळी झालेली असली, वरचं मॉडेल असलं तर पन्नास हजार ते एक लाख चढवा. टायर, चार्जर, १२ व्होल्टची बॅटरी यांचे पैसे उतरवा. आमच्या हिशेबाने ही गाडी पावणेसात ते सव्वासात लाखांची आहे.

८.७५ आणि ७ यांत फरक पावणेदोन लाखांचाच दिसतो, पण सगळा निर्णय त्या फरकात आहे. पाच वर्षांचा हिशेब मांडून बघू. नवी घेतलीत तर १०.४० लाखांचं कर्ज, ९ टक्क्यांनी महिन्याला सुमारे २१,६०० हप्ता, पाच वर्षांत व्याज २.५५ लाख. एकूण खर्च १५.९५ लाख. पाच वर्षांनी गाडी विकली तर साडेपाच लाख आले असं समजा, निव्वळ १०.४५. काकांची गाडी ८.७५ ला घेतलीत तर ५.७५ लाख कर्ज, १३ टक्क्यांनी हप्ता सुमारे १३,१००, व्याज २.१० लाख. त्यात टायर-चार्जर-किरकोळ मिळून ८० हजार. एकूण ११.६५ लाख. पाच वर्षांनी ती नऊ वर्षांची, बॅटरीची वॉरंटी संपलेली गाडी असेल. सव्वा लाखाच्या वर काही धरू नका. निव्वळ १०.४०.

म्हणजे फक्त पाच हजारांचा फरक! त्या पाच हजारांसाठी तुम्ही निम्मी वॉरंटी आणि जुनं मॉडेल पत्करणार.

तीच गाडी ७ लाखांना घेतलीत तर कर्ज ४ लाख, हप्ता सुमारे ९,१००, व्याज १.४६ लाख, ८० हजार धरून एकूण ९.२६, विक्री वजा जाता ८ लाख. इथे जवळपास अडीच लाख वाचतात आणि हप्ता निम्म्याहून खाली येतो. यात पुढच्या वर्षांचे विम्याचे हप्ते धरलेले नाहीत. जुन्या गाडीला ते थोडे कमी बसतील, पण तितकंच दुरुस्तीत जाईल. विक्रीच्या किमती हा अंदाज आहे, पण मुद्दाम जुन्या गाडीच्या विरुद्ध बाजूने धरलाय.

म्हणून आमचा सल्ला: ७.२५ च्या वर गेलात तर नवी घ्या, किंवा शोरूमकडची डेमो कार विचारा. डेमो गाडी वर्षाच्या आतली असते, काही हजार किलोमीटर चाललेली असते आणि तिची आठांपैकी सात वर्षांहून जास्त वॉरंटी शिल्लक असते. गेल्या वर्षी बनलेली पण न विकलेली गाडी असली तर तीही सवलतीत निघते. चेसिसच्या पट्टीवरचा उत्पादनाचा महिना बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

वॉरंटीचं गणित बघा. या गाडीच्या बॅटरी आणि मोटरला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी संपेल ते. तुमचं वर्षाला १७-१८ हजार किलोमीटर होणार. मार्च २०३० पर्यंत मीटर सव्वा लाखाच्या आतच असेल, तेव्हा तुमच्यासाठी वर्षंच आधी संपतील. ही वॉरंटी गाडीबरोबर दुसऱ्या मालकाकडे येते, पण सर्व्हिसचे टप्पे चुकलेले असले, वायरिंग तोडून बाहेरून हॉर्न-लाइट बसवले असले किंवा अपघाताचं काम बाहेर करून घेतलं असलं तर दावा अडतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरावर सगळा इतिहास निघतो. तो छापून घ्या. वॉरंटी पुस्तिकेतली एक ओळ बहुतेक जण वाचत नाहीत: वापराने हळूहळू कमी होणारी क्षमता हा दोष धरला जात नाही. तेव्हा बॅटरी थोडी थकलेली असली तर ते नुकसान तुमचंच. (हल्ली काही नव्या ईव्हींवर 'आयुष्यभराची' बॅटरी वॉरंटी मिळते, तिच्यातली मेख अशी की ती पहिल्या मालकापुरती असते. मालक बदलला की वर्षं आणि किलोमीटरची मर्यादा परत लागते. तसली जुनी गाडी पुढे कधी बघाल तेव्हा हे लक्षात असू द्या.)

बॅटरी किती थकली आहे, हे काकांच्या 'अजून दोनशे जाते' या बोलण्यावरून कळत नाही. डॅशबोर्डवरचा रेंजचा आकडा तर अजिबात मानू नका, तो आधीचा माणूस गाडी कशी चालवत होता यावरून ठरतो. युनिट मोजा. एक किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलातलं एक युनिट, त्यामुळे काम सोपं आहे. गाडी २० टक्क्यांपर्यंत उतरू द्या. मग युनिट दाखवणाऱ्या एसी (साध्या, सावकाश) चार्जरवर, किंवा सोसायटीत ईव्हीला वेगळा मीटर असेल तर त्यावर, रात्री लावून १०० टक्क्यांपर्यंत भरा. या गाडीचा आतला चार्जर ३.३ किलोवॅटचा आहे, त्यामुळे आठ-नऊ तास लागतील. सकाळी मीटरवर किती युनिट गेली ते बघा.

चार्ज होताना साधारण १२ टक्के वीज उष्णतेत जाते. बॅटरीचा थोडा भाग कंपनीने वापराबाहेर राखलेला असतो. हे दोन्ही धरून नवीकोरी ३०.२ ची गाडी २० ते १०० टक्क्यांत २६ ते २७ युनिट खाते. काकांच्या गाडीने २४ खाल्ली तर: २४ गुणिले ०.८८ भागिले ०.८, म्हणजे २६.४; नव्या गाडीला हाच आकडा २९ च्या आसपास येतो. क्षमता नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे, चार वर्षांच्या गाडीला उत्तम. २२ खाल्ली तर २४.२, म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या थोडी वर; ७ लाखांतून आणखी पन्नास हजार कमी करा. २१ च्या खाली आली तर गाडी सोडा. टक्क्यांचा काटा एक-दोन घरं इकडेतिकडे असू शकतो म्हणून अर्ध्या युनिटावरून भांडू नका, आणि शक्य असलं तर मोजणी दोनदा करा.

यातही एक खाचखळगा आहे. या गाडीच्या बॅटरीतले सेल एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारचे आहेत. टिकायला चांगले, पण त्यांचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे किती चार्ज उरलाय याचा अंदाज गाडीलाच चुकतो. महिनोन्महिने फक्त ४० ते ८० टक्क्यांत फिरवलेल्या गाडीचा काटा भरकटलेला असतो. म्हणून मोजण्याआधी एकदा १०० टक्क्यांपर्यंत सावकाश भरून घ्या आणि काटा जागेवर येऊ द्या.

दुसरी चाचणी चालवून. ३५ टक्क्यांवर निघा आणि १५ पर्यंत या, शेजारी बसलेल्याला टक्के बोलत राहायला सांगा. २४, २३, २२ असं उतरत राहिलं तर ठीक. २२ वरून एकदम १२ वर पडलं, किंवा चढावर गाडीने ताकद आवरती घेतली, तर पॅकमधला एखादा सेल बाकीच्यांच्या मागे पडलेला आहे. अख्ख्या बॅटरीला सगळ्यात कमजोर सेलपाशी थांबावं लागतं, बाकीचे शंभर चांगले असले तरी उपयोग नाही. ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर सेलचे व्होल्टेज बघणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला बोलवा, पण वाचन १०० टक्क्यांना किंवा १५ च्या खाली घ्यायला सांगा. ५० टक्क्यांवर सगळे सेल ३.३ व्होल्टच्या आसपास गोडीगुलाबीने बसलेले दिसतात आणि आजारी सेल कळतच नाही. 'बॅटरी एकदम ओके' म्हणून दाखवले जाणारे स्क्रीनशॉट बहुधा ५० टक्क्यांवरचेच असतात.

त्याच फेरीत २० टक्क्यांच्या आसपास गाडी एखाद्या डीसी फास्ट चार्जरला लावा. चार्जिंग पहिल्या प्रयत्नात सुरू व्हायला हवं आणि २० किलोवॅटच्या वर स्थिर राहायला हवं. तळेगावच्या रोजच्या फेरीला डीसीची गरज पडणार नाही, पण कोल्हापूरला निघालात की पडेल. सॉकेटच्या पिना काळवंडलेल्या असतील तर तिथे कधी तरी जास्त तापलंय.

गाडी रॅम्पवर चढवून खालून बघणं हे तर जुन्या ईव्हीत सगळ्यात महत्त्वाचं. बॅटरी पोटाखाली असते आणि आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांना कोणतंच माप नसतं. पॅकच्या पत्र्याला ओरखडे असले तर हरकत नाही. खोल पोचा असेल किंवा कडेच्या जोडावर मार असेल तर सर्व्हिस सेंटरचा लेखी अभिप्राय घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. कूलंटची पातळी बघा. कमी असेल तर नुसतं भरून घेऊ नका, गेलं कुठे ते विचारा, कारण आत झिरपलं की इन्सुलेशनचा फॉल्ट येतो आणि गाडी हाय-व्होल्टेजचा इशारा देत जागेवर बसते. ओळखीची, पुण्यातलीच गाडी असली तरी पुराची खूण शोधा. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला कितीतरी पार्किंगं पाण्याखाली होती. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढा; शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ असेल तर ती धुऊन जात नाही. सीटखालचे रूळ गंजलेत का आणि मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलच्या जोडांवर हिरवट-पांढरं काही धरलंय का, ते टॉर्च घेऊन बघा.

टायर २१५/६० आर १६ मापाचे आहेत. ईव्ही जड असते आणि सुरुवातीलाच जोर लावते, त्यामुळे ४२ हजारांवर पुढचे दोन बहुधा संपत आलेले असतील. चारी बदलायचे तर तीस-पस्तीस हजार. १२ व्होल्टची छोटी बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर ती बदललीच पाहिजे. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

चार्जरबाबत एक पैसा वाचवणारी गोष्ट. कोणी ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवून घ्यायला सांगेल. या गाडीला त्याचा उपयोग नाही, ती ३.३ च्या वर घेतच नाही. तुमचे ६० किलोमीटर म्हणजे नऊ-दहा युनिट, ती १५ अँपिअरच्या प्लगवर चार तासांत भरतात. काकांकडून गाडीबरोबर आलेली केबल मात्र आठवणीने घ्या. त्यांच्या पार्किंगमधला चार्जर तुमच्या जागेवर हलवायचा तर वायर तुमच्या मीटरपर्यंत ओढणं आणि सोसायटीचं लेखी पत्र, दोन्ही लागेल; तो खर्च कोणाचा हे भाव ठरवतानाच बोला.

एखाद्या डीलरकडेही चौकशी केलीत तर 'वर १८ टक्के जीएसटी' असं ऐकू येईल. डिसेंबर २०२४ च्या जैसलमेरच्या जीएसटी परिषदेत जुन्या ईव्हीला १८ टक्के ठरले ते खरं, पण ते डीलरच्या नफ्यावर, पूर्ण किमतीवर नाही. त्याने ६.५० ला घेऊन ७.५० ला विकली तर कर एका लाखावर, १८,००० रुपये. काकांसारख्या खासगी मालकाकडून घेताना जीएसटी लागतच नाही. (जाहिरातीत एखादी ईव्ही फारच स्वस्त दिसली तर बॅटरी तिच्यात धरलेली आहे का विचारा. एमजी कंपनीने २०२४ मध्ये विंडसर ही ईव्ही ९.९९ लाखांना आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये अशीही विकली आहे. तशा गाडीत बॅटरीचा बोजा वेगळा असतो.)

कागदपत्रांत नवं काही नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. नंबर प्लेट हिरवी आणि अक्षरं पांढरी हवीत. पिवळी असतील तर गाडी टॅक्सीला चाललेली आहे. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. काकांचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सवलत) त्यांच्याबरोबर जातो, तेवढा फरक कंपनी तुमच्याकडून घेईल. आणि गाडीच्या झेड-कनेक्ट ॲपमधून काकांचं खातं काढून तुमचं जोडून घ्या, नाहीतर गाडी कुठे उभी आहे ते त्यांच्या मोबाइलवर दिसत राहील.

टोकन द्यायचं तर दहा हजारांच्या वर देऊ नका आणि साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी एवढं लिहून घ्या: 'व्यवहार ७,००,००० रुपयांत ठरला. २० ते १०० टक्के चार्जिंगला २२ पेक्षा कमी युनिट लागली, किंवा सर्व्हिस सेंटरच्या तपासणीत बॅटरी, मोटर अथवा पॅकच्या खालच्या बाजूला दोष निघाला, तर टोकन परत.' काका भले माणूस असले तर सही करायला त्यांना अडचण येऊ नये.